खाली म्हटलं की पोरगं खाली बसतं

मुलांच्या वर्गात दादरा हा ताल चालला होता. सहा मात्रा, म्हणजे सहा ठोके, पहिलीवर टाळी, चौथीवर खाली. "धा धी ना, धा ती ना" म्हणत मी टाळी दिली आणि चौथ्या मात्रेला हात बाजूला सोडून म्हटलं, "खाली." समोरचं साडेचार वर्षांचं पोरगं खाली बसलं. पुढच्या आवर्तनाला, म्हणजे तालाच्या पुढच्या फेरीला, परत बसलं. तिसऱ्या वेळी शेजारचे दोघेही बसले, आणि पलीकडे उभी असलेली सात वर्षांची गुजराती मुलगी हसून हसून वाकली. "ताई, खाली एटले तो कशुं नहीं!" खाली म्हणजे तर काहीच नाही.

बरोबर तिचंच होतं. तालातली खाली म्हणजे रिकामी जागा. हिंदीत आणि गुजरातीत खाली म्हणजे रिकामं. मराठी घरातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला मात्र खाली म्हणजे जमिनीकडे. इतकी वर्षं हा शब्द वापरत आले, पण ही गोम त्या दिवशी कळली. जुनी माणसं खालीला 'काल' म्हणतात, म्हणून पुढच्या शनिवारी तसं म्हणून पाहिलं. एकानं विचारलं, "काल काय झालं?"

तेव्हापासून त्या मात्रेला मी शब्दच वापरत नाही. प्रत्येकाच्या हातात जुन्या जॉर्जेटच्या ओढणीचा हातभर तुकडा असतो. पहिल्या मात्रेला मांडीवर थाप, चौथ्या मात्रेला ओढणी हवेत. थाप ऐकू येते, ओढणी ऐकू येत नाही, पण ती तरंगताना दिसते. खालीचं काम नेमकं हेच: मात्रा आहे, जोर नाही. तबल्यातही तिथे डाव्या हाताच्या डग्ग्याचा घुमार कमी होतो. हे मुलांना मी समजावून सांगत नाही. ओढणी उडवून उडवून त्यांना ते एके दिवशी तबल्यात आपोआप ऐकू येतं आणि मग तेच येऊन मला सांगतात.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी आठ-दहा मुलं जमतात. चार ते नऊ वर्षांची, निम्मी मराठी, निम्मी गुजराती, भांडणं दोन्ही भाषांत. चेंडू, ओढण्या, टिपऱ्या, चिंचोक्यांच्या पिशव्या आणि आजीचं एक जुनं नऊवारी, एवढं आमचं सामान. खेळातून संगीत शिकवायच्या या पद्धतीबद्दल पालक दोनच प्रश्न विचारतात. याचा खरंच उपयोग होतो का? आणि गाणं कधी सुरू होणार? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: तेच चाललंय. पहिल्यासाठी हा लेख.

वर म्हणजे मोठ्यानं नव्हे

आधी सुराचं बघू, कारण तिथेही आपली भाषाच आड येते. "आवाज चढवू नकोस" म्हणजे ओरडू नकोस. "खालच्या आवाजात बोल" म्हणजे हळू बोल. घरात रोज हे ऐकणाऱ्या मुलाला संगीताच्या वर्गात "वरचा सा लाव" म्हटलं, तर ते शिरा ताणून ओरडतं. त्याचं काही चुकलेलं नसतं. सुराची उंची आणि आवाजाचा मोठेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. सुराची उंची कंपनांच्या वेगावर ठरते, मोठेपणा कंपनांच्या आकारावर. तार जोरात छेडली तर आवाज मोठा होतो, सूर तोच राहतो. पण हे वाक्य पाच वर्षांच्या मुलाला ऐकवून काय मिळणार?

इथे नऊवारी कामाला येतं. आठ मीटरच्या आसपास लांबीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. मुलं दोन ओळींत समोरासमोर उभी राहून काठ धरतात. सा म्हणताना लुगडं गुडघ्यापाशी, मग एकेक स्वर वर, पंचमाला छातीशी, वरच्या सा ला डोक्यावर. हे झालं की दुसरा खेळ: लुगडं कमरेपाशीच धरायचं, स्वर एकच ठेवायचा, मी तो हळू गायले तर बारीक लाटा, मोठ्यानं गायले तर मोठ्या. उंची म्हणजे स्वर, लाट म्हणजे जोर. पंधरा-वीस मिनिटांत "डोक्यावर धरून बारीक लाट" अशी फर्माईश करता येते, म्हणजे वरचा सा, पण हळू. हे सांगायला मला पूर्वी महिनेच्या महिने लागायचे, आणि तरी एखादा ओरडायचाच.

हंगेरीच्या झोल्तान कोदाय यांच्या पद्धतीत प्रत्येक स्वराला हाताची एक खूण असते, आणि खालच्या स्वराची खूण कमरेपाशी, वरची कपाळापाशी अशी शरीराच्या उंचीवर ती धरतात. खुणा मुळात १९व्या शतकातल्या इंग्लंडमधल्या जॉन कर्वेन यांच्या. गंमत अशी, की तिथे त्यांना 'डो', म्हणजे त्यांचा सा, 'कुठेही धरता येतो' हे मुद्दाम शिकवावं लागतं. आपल्याकडे सा कुठल्याही पट्टीत धरायचा ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली, की ती शिकवायची असते हेच आपण विसरतो.

एक सावधगिरी. सात स्वर म्हणजे सात पायऱ्या, असं पुष्कळजण शिकवतात. मीही वाड्याच्या जिन्यावर पोरांना चढवलं होतं. पण जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात, स्वरांमधली अंतरं सारखी नसतात. शुद्ध स्वरांत ग आणि म जवळ, नी आणि वरचा सा जवळ, बाकीचे लांब लांब. जिन्यावर शिकलेलं मूल मध्यम थोडा वर लावतं, कारण पायानं तेवढं अंतर पाठ केलेलं असतं! आता आम्ही जिना सोडून फरशीवर आलो. खडूनं रेघा मारायच्या: सा ते रे एक फरशी, रे ते ग एक फरशी, ग ते म फक्त अर्धी. ग वरून म वर जाताना पोरांना पाऊल आखडावं लागतं, आणि गळाही आखडतो. पेटी पाहिली तरी हेच दिसतं. पांढरी एकला सा धरला, तर ग आणि म यांच्यामध्ये काळी पट्टी नसते.

दोन मात्रांच्या मधे काय असतं

आता लय. या सगळ्या प्रकाराचं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

मंगळबाजारातून मांडवीपर्यंत चालत निघालात असं समजा. तुम्ही ज्या वेगानं चालताय ती लय. प्रत्येक पाऊल ही मात्रा. आणि दर सोळाव्या किंवा सहाव्या पावलाला तुम्ही ठरवून एक विशेष ठाम पाऊल टाकता, तिथून मोजणी परत सुरू होते, तो ताल. ते ठाम पाऊल म्हणजे सम. मोजायला शिकवणं सोपं आहे. एक-दोन-तीन-चार पोपटही म्हणतो. अवघड असतं ते दोन पावलांच्या मधलं अंतर सारखं ठेवणं, कारण तिथे काहीच वाजत नसतं. आकडे टाळीवर असतात, लय टाळ्यांच्या मधे असते.

म्हणून लहान मुलांना संथ लय जास्त जड जाते. लोकांना उलट वाटतं: हळू म्हणजे सोपं. पण हळू लयीत रिकामी जागा मोठी, आणि ती धरून ठेवायला आत काहीतरी सतत चालू असावं लागतं. शिवाय मुलांची स्वतःची स्वाभाविक लय मोठ्यांपेक्षा जलद असते. त्यांना मोकळं सोडून डबा वाजवायला दिलात तर ती आपल्यापेक्षा भरभर वाजवतात. मग शिक्षक म्हणतो, "पळू नका." मी आधी त्यांच्या लयीत जाते, आणि तिथून हळूहळू खाली उतरवते.

एमिल जाक-दालक्रोझ हे स्विस संगीतशिक्षक १८९०च्या दशकात जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात शिकवायला लागले. हाताशी आलेले विद्यार्थी वाजवण्यात तयार, पण लयीत कच्चे. चालताना मात्र तीच मुलं बरोबर पावलं टाकतात, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना वाद्यावरून उठवून चालायला लावलं. शिक्षकानं पियानोवर वाजवायचं, मुलांनी त्या लयीत चालायचं, वादन थांबलं की थिजायचं, इशारा झाला की दिशा बदलायची. त्यांच्या विचाराच्या गाभ्याशी तीन गोष्टी आहेत: वेळ, जागा आणि जोर. तेवढ्याच वेळात लांब पाऊल टाकायचं तर जास्त जोर लागतो. वेळ वाढला आणि जागा तीच राहिली, तर तोल सांभाळावा लागतो. संथ लयीत गाणाऱ्याला जो तोल सांभाळावा लागतो तो हाच, फक्त तो पायांत कळतो.

त्याच सुमाराला आपल्या गावात काय चाललं होतं? १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं गायक मौलाबक्षांनी इथे गायनशाळा काढली. तीच पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीताची विद्याशाखा झाली, आजही सूरसागरच्या काठावर आहे. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनपद्धत बनवली, पुस्तकं छापली. गाणं गुरूच्या घराबाहेर येऊन वर्गात बसलं, आणि सामान्य घरातल्या मुलांना ते शिकता येऊ लागलं. ही फार मोठी गोष्ट झाली. पण वर्ग आला की बाकही येतो, आणि बाकावर हात-पाय आवरून बसावं लागतं. ही माझी तक्रार मौलाबक्षांवर नाही, नंतरच्या आपल्या सगळ्यांवर आहे.

हालचालीनं ऐकणं बदलतं याचा एक फार सुंदर प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी तो सात महिन्यांच्या बाळांवर केला. सहा ठोक्यांचा एक ठेका, कुठेही जोर न देता वाजवलेला. तो दोन-दोनच्या गटांतही ऐकता येतो आणि तीन-तीनच्याही. काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला उचलून झुलवलं, काहींना दर तिसऱ्या ठोक्याला. नंतर त्याच ठेक्याचे जोर दिलेले दोन्ही प्रकार ऐकवले, तर ज्या बाळाला जसं झुलवलं होतं, तसा जोर असलेला ठेका ते जास्त वेळ ऐकत राहिलं. डोळे बांधून झुलवलेल्या बाळांचंही तेच झालं. नुसतं दुसऱ्याला झुलताना पाहिलेल्या बाळांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे कानावर पडलेला आवाज एकच होता, पण अंग ज्या चालीनं हललं त्या चालीनं तो ऐकू आला. आणि आपली आजी मांडीवर नातवंडाला थोपटत होती तेव्हा ती त्याला काय देत होती, हेही यातून कळतं. तालाचा विचार करताना मेंदूचा हालचाल ठरवणारा भागही कामाला लागतो. स्थिर बसून ऐकतानाही तो भाग जागा होतो.

प्रत्येक वस्तूचं स्वतःचं घड्याळ

वस्तू कशाला, नुसतं चालून, टाळ्या वाजवून भागत नाही का? पुष्कळदा भागतं. पण वस्तूला वजन असतं, आणि वजनाला स्वतःचा वेळ लागतो. तो मुलाच्या मर्जीवर नसतो.

चेंडू घ्या. एक मीटर उंचीवरून सोडला तर जमिनीवर पोचायला साधारण ०.४५ सेकंद लागतात, जवळजवळ तेवढाच वेळ परत हातात यायला. म्हणजे मोठ्या माणसानं सहज आपटलेला चेंडू मिनिटाला पासष्टच्या आसपास ठोके देतो. मूल बुटकं, त्याचा हात साठ सेंटिमीटरवर, त्याचा चेंडू पंचाऐंशीच्या आसपास. कुणी शिकवलेलं नसतं. गुरुत्वाकर्षणच ठेका धरून देतं. चेंडूला "पळू नकोस" सांगावं लागत नाही. आणि चेंडू आपटण्याआधी हात वर जातो, ती तयारी म्हणजेच मधली जागा. तबलजी थाप मारण्याआधी हात उचलतो, गवई समेवर येण्याआधी श्वास घेतो, तेच.

पण चेंडूला मर्यादा आहे. विलंबित, म्हणजे अगदी संथ, ख्यालात एक मात्रा तीन-चार सेकंदांची असू शकते. तिथे चेंडू निरुपयोगी, तो त्याआधीच चार वेळा उडून कोपऱ्यात गेलेला असतो. तिथे ओढणी. जॉर्जेट किंवा शिफॉनची, सुती नको. सुती ओढणी दगडासारखी पडते. हवेत फेकलेली शिफॉन रेंगाळत, वळणं घेत खाली येते, आणि तेवढा वेळ एकच स्वर धरून ठेवायचा. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, दाखवायची तर पायजम्याचं इलॅस्टिक दोघांनी दोन टोकांना धरावं आणि एकानं हळूहळू मागे जावं. सा पासून ग पर्यंत सूर न तुटता ताणला जातो. मधेच टोक सोडलं की दुसऱ्याच्या बोटांना फटका बसतो आणि गाणं रडण्यात संपतं, हे मी अनुभवानं सांगते.

टिपऱ्या सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत धोक्याच्या. दहा पोरांच्या हातात वीस टिपऱ्या म्हणजे खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून येणार हे ठरलेलं. आमचा एकच नियम आहे: मी थांबले की टिपऱ्या खांद्यावर. तो पाळला जाईपर्यंत पुढे जायचंच नाही, पहिला तास पूर्ण त्यातच गेला तरी चालेल. थांबणं हेही संगीतच आहे.

आणि चिंचोक्यांच्या पिशव्या. जुन्या जीन्सचे तळहाताएवढे चौकोन शिवून आत चिंचोके. पहिल्या वेळी मी शहाणपणा करून तांदूळ भरले होते. पावसाळ्यात पिशव्यांतून पोरकिडे चालू लागले आणि एका मुलीनं तीन आठवडे त्यांना हात लावला नाही. चिंचोके किडत नाहीत असं नाही, पण भाजून घेतले तर टिकतात. आवाजही छान येतो, भरीव, न खुळखुळणारा.

सम सरकते

या पिशव्यांचा खेळ आता सविस्तर सांगते, कारण तो मी शिकवला नाही, मुलांनी शोधला.

गोल करून बसायचं. एकच पिशवी. केरवा हा आठ मात्रांचा ताल म्हणायचा: "धा गे ना ती, न क धी ना." प्रत्येक मात्रेला पिशवी उजवीकडच्या शेजाऱ्याच्या हातात. ज्याच्याकडे धा येईल त्यानं ती जमिनीवर आपटायची आणि पुढे द्यायची. त्या दिवशी आठ मुलं होती. केरव्याच्या मात्रा आठ, मुलं आठ, त्यामुळे दर आवर्तनाला आपटायचा मान एकाच मुलाला. बाकीचे सात नाराज. दोन फेऱ्यांतच ओरड सुरू: "याचीच पाळी का?" मी म्हटलं, बसा, पुढच्या वेळी बदलू.

पुढच्या शनिवारी एक मूल तापानं आलं नाही. सात जण. तोच केरवा. पहिल्या मुलानं आपटली, आठवी मात्रा फिरून त्याच्याकडेच आली, आणि नववी, म्हणजे पुढची सम, त्याच्या शेजारणीकडे. तिला वाटलं चुकलं. पुढच्या आवर्तनाला तिच्या शेजाऱ्याकडे. चौथ्या आवर्तनाला सगळे गप्प. मग कुणीतरी म्हणालं, "सम चालतेय!"

मी ताल बदलला. सात मुलं, दादरा, मात्रा सहा. आता सम उलट्या दिशेनं सरकायला लागली: पहिल्याकडून सातव्याकडे, सातव्याकडून सहाव्याकडे. आठ वर्षांचा एक मुलगा, ज्याला ताल म्हटला की जांभई येते, तो उठून उभा राहिला. त्यानं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, मात्रा जास्त तर पुढे, मात्रा कमी तर मागे. हे त्याला गणिताच्या पुस्तकात अजून यायचं आहे.

या खेळात मुलं मोजत नाहीत. मोजलं तर पिशवी हातातून निसटते. पण सम आपल्याकडे येतेय हे त्यांना दोन-तीन मात्रा आधीच कळायला लागतं, ती सरसावून बसतात. ऐकणाऱ्याचं मैफलीत समेवर डोकं हलतं ना, त्याच्या आधीचं ते सरसावणं, तेवढंच मला त्यांच्यात हवं होतं.

आपल्या घरातली खेळणी

हे सगळं युरोपातून आलं असं कुणी समजू नये. मंगळागौरीत बायका लाटणं घेतात, सूप नाचवतात, करवंट्या एकमेकींवर वाजवत झिम्मा खेळतात. तेही हातातल्या वस्तूनं धरलेल्या ठेक्यावर. लेझीम तर व्यायाम आणि ताल यांची एकजीव वीण. हात लांबवला की चकत्या वाजतात, म्हणजे आवाज ऐकून हालचाल तपासता येते. आणि बडोद्यातल्या मराठी घरांत अश्विनात संध्याकाळी हत्तीभोवती भोंडला होतो, खिरापत ओळखून खाऊन झाली की त्याच पोरी रात्री गरब्याच्या गोलात असतात. एकाच दिवसात दोन गोल, दोन ठेके.

गरब्याचा हींच हा सहा मात्रांचा ठेका. दादऱ्याच्या वेळी खाली बसणारं ते पोरगं आठवतंय? नवरात्रात त्याला पाहिलं. आईच्या ओढणीला धरून बे ताळी, त्रण ताळी सगळं अचूक. पाय बरोबर वळत होते, टाळी बरोबर पडत होती. सहा मात्रा त्याच्या अंगात कधीच्याच होत्या. त्याच मी वर्गात नव्यानं भरायला निघाले होते. दिवाळीनंतर दादरा गरब्याच्या पावलांवरच सुरू केला. दोन शनिवारांत झाला.

कोदाय यांचाही आग्रह हाच होता, की मुलाला आधी त्याच्या भाषेतली लोकगीतं द्या, मग बाकीचं. त्यांच्या पद्धतीनं हंगेरीत लोकसंगीत जपलं गेलं म्हणून युनेस्कोनं २०१६ साली तिची नोंद घेतली. गरबा २०२३ साली युनेस्कोच्या यादीत आला. दोन्ही वेळा बातमी वाचली आणि दोन्ही वेळा आमच्या माडीवरच्या चिंचोक्यांच्या पिशव्या आठवल्या. असो.

जर्मनीचे कार्ल ऑर्फ यांच्याकडून मात्र मी एक युक्ती उचलली आहे. त्यांच्या पद्धतीतल्या वाद्यांच्या पट्ट्या काढता येतात. नको असलेले स्वर काढूनच टाकायचे, मग मूल काहीही वाजवो, बेसूर होत नाही. पेटीच्या पट्ट्या काढता येत नाहीत, पण काळ्या पट्ट्या पाचच असतात. मुलाला सांगायचं, फक्त काळ्या दाब. काळी तीनला सा मानला तर भूप राग होतो. काळी एकला मानला तर दुर्गा. काळी पाचला मानला तर मालकंस. त्याच पाच पट्ट्या, नुसता सा बदलला. मी भाता धरून सा लावून ठेवते, एक मूल काळ्या पट्ट्यांवर दोन-चार स्वर वाजवतं, बाकीची ते ऐकून फरशीवर चालतात: सूर वर गेला तर पुढे, खाली आला तर मागे. वाजवणारं मूल मग मुद्दाम त्यांना दमवतं.

वस्तू काढून घ्यायची वेळ

इथे बरेच उत्साही शिक्षक चुकतात, मीही चुकले. पहिल्याच वर्षी मी सगळं सामान दारातच मांडून ठेवायचे. पोरं धावत यायची, ओढण्या डोक्याला बांधायची, चेंडू गच्चीवर जायचे, आणि तास संपला की सगळे खूश, पण शिकलं कुणीच काही नाही. आता क्रम ठरलेला आहे. आधी ऐकायचं, हात रिकामे. मग नुसत्या अंगानं, चालून, झुलून. मग वस्तू. मग वस्तू परत पिशवीत, आणि तोच ठेका पुन्हा नुसत्या टाळीवर. या शेवटच्या पायरीला जे उरतं तेवढंच शिकणं झालं. काही उरलं नसेल तर वस्तू करमणुकीला होती, एवढंच. तीही वाईट नाही, पण तिला शिकवणं म्हणू नये.

काही मुलं महिनाभर हलतच नाहीत. भिंतीला टेकून बघत बसतात. त्यांना ओढू नये. एक मुलगी सहा आठवडे फक्त पिशव्या मोजून परत ठेवायचं काम करत होती. तिच्या आईनं सांगितलं की घरी ती बाहुल्यांचा वर्ग घेते आणि सगळे ठेके म्हणते.

तबल्याचं ॲप लावून हे घरी करता येईल का, असं हल्ली हमखास विचारतात. थोडंफार येईल. पण २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोलावर ठेका धरायला लावून पाहिलं, तेव्हा यंत्राबरोबर किंवा नुसत्या ध्वनीबरोबर वाजवण्यापेक्षा समोर बसलेल्या माणसाबरोबर ती जास्त नेटकी वाजवत होती. म्हणून ॲप लावाच, पण समोर तुम्ही बसा. तुम्हाला ताल येत नसेल तरी बसा, मूल तुम्हाला शिकवेल.

परवा एका आजींनी दारातून डोकावून विचारलंच, "काय गं, गाणं शिकवतेस की खो-खो?" मी म्हटलं, आजी, आत या, एक जण कमी आहे. त्या आल्या, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसल्या, आणि पिशवी हातात आल्यावर पहिल्याच फेरीत सम अशी आपटली, की शिवण उसवून चिंचोके फरशीभर.

या शनिवारी सहाच मुलं आली आणि मी दादरा घेतला. सहा मात्रा, सहा मुलं. सम दर वेळी त्या खाली बसणाऱ्या पोराकडेच. पाचव्या आवर्तनाला त्यानं पिशवी मांडीवर धरून ठेवली आणि म्हणाला, "ताई, उद्या माझ्या बहिणीला आणू का? मग सम सरकेल."